पाठ केलेल्या बातम्या

घरात तिला घुमी म्हणत. चार वर्षांची होईपर्यंत तोंडातून शब्द फुटला नव्हता, आणि फुटला तो अख्ख्या वाक्यासकट. "सात नंबर फलाटावरची गाडी उशिरा सुटेल, याची प्रवाशांनी नोंद घ्यावी," असं ती जेवता जेवता म्हणाली आणि आईच्या हातातली पळी खाली पडली. वडील, म्हणजे अप्पा, बसस्थानकावर लाउडस्पीकरवरून गाड्यांच्या घोषणा करायचे. आई कामाला गेली की लेकीला ते आपल्या काचेच्या खोलीत एका स्टुलावर बसवून ठेवत. तिथलंच वाक्य पोरीने उचललं. पुढे ती रोज संध्याकाळी लाखो लोकांशी बोलायला लागली, तरी घरात प्रश्न तोच: "घुमी आली का?"

शाळेत ती बेताचीच. गणितात तर आनंदच होता. पण पाठांतर म्हणाल तर कोणी हात धरू शकत नव्हतं. आई तिन्हीसांजेला देवासमोर हात जोडून जे म्हणायची, ते हिने दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा आईच्या पुढे धावली. आई म्हणायची, "देवाने बोलणं उशिरा दिलं, म्हणून लक्षात ठेवणं वरकड घातलं. त्याच्या मापात खोट नसते."

शिक्षण संपल्यावर तिला एका बातम्यांच्या वाहिनीत नोकरी लागली, तीही पडद्याच्या खाली धावणारी पट्टी लिहायची. दिवसभर बसून लहान लहान वाक्यं करायची. पूल बंद, शाळा सुरू, कांदा महाग. वर्षभराने तिने वृत्तनिवेदिकेच्या चाचणीला नाव दिलं आणि पहिल्याच फेरीत आपटली. परीक्षक म्हणाले, "आवाज चांगला आहे हो, पण तुमचा चेहरा बातमीच्या आधी पोचतो. तुम्ही 'अपघात' म्हणायच्या आत लोक रडायला लागतील."

तोवर लग्न झालं होतं. नवऱ्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस मोजकं बोलणारा, पण डोकं चालणारं. त्याने तिला तयार केलं. संध्याकाळी तो जमिनीवर पंप उघडून बसायचा आणि ती समोर खुर्चीवर वर्तमानपत्र वाचायची. मधेच तो मान वर न करता म्हणायचा, "अगं, तुझी थोरली आत्या महिनाभर राहायला येतेय." ती खुदकन हसली की पुन्हा पहिल्यापासून. कधी म्हणायचा, "आज एक गिऱ्हाईक पंप टाकून पळालं, पंपात मेलेली पाल होती." असं करता करता एक दिवस आत्याही आली, पालही आली, आणि हिचा चेहरा इस्त्रीच्या कपड्यासारखा सरळ राहिला. दुसऱ्या चाचणीत ती निवडली गेली. आत्या मात्र खरंच आली, आणि महिनाभर राहिली.

पुढची वीसेक वर्षं संध्याकाळच्या मुख्य बातम्या म्हणजे ती, असं समीकरणच झालं. वर कडक इस्त्रीचा कोट, गळ्यात एकच बारीक साखळी, आणि टेबलाखाली घरातल्या चपला, कारण कॅमेऱ्याला पाय दिसत नाहीत. लोकांना वाटायचं, बातम्या हीच ठरवते. भाजीवाली म्हणायची, "बाई, आमच्या गल्लीत चार दिवस पाणी नाही, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!" दवाखान्यात गेली तर परिचारिका रक्त काढता काढता विचारायची, "उद्या पाऊस आहे का हो?" तीही उत्तर द्यायची. नाही म्हटलं तर लोकांना वाईट वाटतं.

खुर्चीत बसली की ती क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. मग समोर कॅमेरा. कॅमेऱ्याच्या तोंडावर एक तिरकी काच, आणि त्या काचेवर खालून वर सरकणारी अक्षरं. ही अक्षरं सरकवणारी बाई कॅमेऱ्यामागच्या कोपऱ्यात बसायची. तिच्या हाताखाली एक लहानसं चाक असायचं. निवेदिका जलद वाचायला लागली तर चाक जलद, ती थांबली तर चाक थांबायचं. सगळे तिला चाकवालीच म्हणत. जिभेने तिखट, हाताने मऊ. वीसातली पंधरा वर्षं या दोघींनी एकमेकींचा श्वास ऐकत काढली होती, जेवणाचे डबे मात्र कधी एकत्र उघडले नव्हते. एक उजेडात, एक अंधारात. त्या जागेची रीतच तशी.

मग डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली.

आधी तिला वाटलं, काच पुसलेली नाही. "काच पुसा हो कोणीतरी!" असं ती चारचौघांत म्हणाली. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिव्यांचा झोत अंगावर आला की अक्षरांवर दूध सांडल्यासारखं व्हायचं. तिने अक्षरं मोठी करायला सांगितली. मग आणखी मोठी. शेवटी एका ओळीत दोनच शब्द मावायला लागले आणि चाकवाली म्हणाली, "ताई, एवढ्या अक्षरांत आमच्याकडे दुकानाची पाटी रंगवतात."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. "चष्म्याने भागणार नाही. एकेक करून दोन्ही काढू. पण मधे दोन महिने त्या तुमच्या दिव्यांसमोर बसायचं नाही." नवरा म्हणाला, "उद्याच करू." ती म्हणाली, "बघू."

बघू म्हणायला कारण होतं. वाहिनीत एक नवी मुलगी आली होती. सगळे तिला नवीच म्हणत. हुशार, चटपटीत, सकाळच्या बातम्या वाचायची. आणि या धंद्यात दोन महिने फार मोठे. लोक आवाज विसरत नाहीत, पण खुर्ची विसरते. पूर्वी आजारी पडलेल्या एका निवेदकाची जागा हिनेच धरली होती, तो बरा होऊन आला तेव्हा हिने त्याला चहा पाजला होता, खुर्ची दिली नव्हती.

तेव्हा तिने पाठांतर काढलं.

दुपारीच ती कामावर यायला लागली. बातम्यांचे छापलेले कागद मागून घ्यायची. कागद डोळ्याजवळ धरला आणि दिवे नसले तर तिला वाचता येत होतं. मागच्या जिन्यात जायची, जिथे कोणी फिरकत नसे, आणि पायऱ्या चढत-उतरत सगळ्या बातम्या तोंडपाठ करायची. संध्याकाळी खुर्चीत बसून काचेकडे बघत सगळं धडाधड म्हणून टाकायची. आयत्या वेळी काही आलं तर कागदावर मागवायची, आणि कागद टेबलावर ठेवून मान खाली घालून झोत चुकवत वाचायची. कोणाला काही कळलं नाही. उलट बोलबालाच झाला. संपादक, ज्यांना त्यांच्या रागामुळे सगळे पाठीमागे कुकर म्हणत, ते सर्वांसमोर म्हणाले, "बाईंकडे बघा! काचेकडे नजर आहे, पण वाचतायत असं वाटतं का? घरात येऊन सांगतायत असं वाटतं. नव्या लोकांनी शिका जरा!" नवी वहीत काहीतरी लिहून घेऊ लागली. हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी नवरा म्हणाला, "पंपात गाळ साचला तर मी तो उघडून गाळ काढतो. तू वरून रंग मारत बसली आहेस."

"रंग टिकतोय ना अजून?"

"रंग टिकतो गं. पंप बसतो."

असे पाच-सहा महिने गेले असतील. एक दिवस बातम्यांच्या थोडं आधी खबर आली की एका कापड कारखान्याची कामगारांना नेणारी बस पुलावरून खाली गेली. नदीत पाणी कमी, म्हणून बरेचसे वाचले. चालक जागीच ठार झाला, असं पोलिसांकडून कळलं होतं, त्याच्या नाव-गावासकट. तिला कागद मिळाला. तिने घाईघाईने जिन्यात उभं राहून तो पाठ केला.

पहिल्या जाहिराती सुरू असताना कानातल्या यंत्रात संपादकांचा आवाज आला. "बाई, बसची ओळ बदलली. चालक जिवंत आहे, दवाखान्यात आहे. मेला तो दुसराच कोणी, ओळख पटलेली नाही. काचेवर नवीन ओळ टाकलीय, ती वाचा."

"कागद द्या," ती म्हणाली.

"कागदाला वेळ नाही. काचेवर आहे ना! चला, आलो."

लाल दिवा लागला. तिने काचेकडे पाहिलं. दूध सांडलेलं. तिने मनाशी ठरवलं, चालकाचं नावच घ्यायचं नाही, तेवढं गाळून पुढे जायचं. बातमी सुरू केली. पूल आला, कारखाना आला, वाचलेल्यांचा आकडा आला, आणि पाठ केलेलं वाक्य शेपटीला शेपूट धरून यावं तसं पुढचं वाक्य घेऊन आलं. ती थांबवायला गेली, तोवर ते तोंडातून निघालंही होतं. चालकाचं नाव, त्याचं गाव, जागीच मृत्यू.

कानात कुकरची शिट्टी झाली. "काय वाचताय? काय वाचताय बाई?"

थोड्याच वेळात कागद हातात आला. तिने दुरुस्ती वाचली, दिलगिरी व्यक्त केली. चेहरा तसाच, इस्त्रीचा. पण त्या मधल्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चालकाची बायको शेजारणीकडे बातम्या बघत बसली होती. ऐकलं आणि जिन्यावरून अनवाणी धावत सुटली, ती घसरून पडली. हात दोन ठिकाणी मोडला. ज्या दवाखान्यात नवरा पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता, तिथेच तिला नेलं. तिच्या भावाचा वाहिनीला फोन आला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ती अजूनही त्याला हात लावून लावून बघतेय. तुमच्या बाईंनी सांगितलं म्हटल्यावर तिला खोटं वाटेना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक झाली. संपादकांचं आधीच ठरलेलं होतं.

"काचेवर जुनीच ओळ राहिली असणार. बाई काचेवर असेल तेच वाचणार, दुसरं काय वाचतील? वीस वर्षांत चूक नाही त्यांची."

चाकवाली दाराशी उभी होती. "मी ओळ बदलली होती. मोठी करून टाकली होती."

"कधी? बाईंनी वाचून झाल्यावर?"

"आधी."

"पुरावा?"

पुरावा नव्हता. यंत्र शेवटचं राहिलेलं तेवढं दाखवतं, ते कधी बदललं हे दाखवत नाही. संपादक म्हणाले, "आजची संध्याकाळ करा. उद्यापासून घरी. एका बाईचा हात मोडलाय, मला वर उत्तर द्यायचंय." मग हिच्याकडे वळून, एकदम मऊ आवाजात, "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ती टेबलावरचे कागद गोळा करत राहिली.

बैठक मोडल्यावर तिने चाकवालीला मागच्या जिन्यात गाठलं. "हे बघ, मी सरांशी बोलते. म्हणते, एवढ्या वर्षांची बाई आहे, एकदा..."

"एकदा काय? माफ करा म्हणणार? माझी चूक माफ करा?" चाकवालीने पदर खोचल्यासारखे दोन्ही हात कमरेवर ठेवले. "ताई, तुम्हाला काच दिसत नाही. मला ठाऊक आहे."

ती भिंतीला टेकली.

"मागे एकदा मला शिंक आली, चाक थांबलं. तुम्ही आपल्या पुढे! ओळ काचेवर यायच्या आत तुमच्या तोंडात. म्हटलं, हे काय? मग मुद्दाम दोनदा थांबवून बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची दया आली म्हणून नव्हे, ते डोक्यातून काढा. बोलले असते तर ते म्हणाले असते, बाई पाठ करतात, झकास! मग चाक कशाला आणि चाकवाली तरी कशाला? दोन पोरी शिकतायत माझ्या. मी माझ्या पोटासाठी गप्प बसले, तुम्ही तुमच्या खुर्चीसाठी. पण तुमचं गप्प बसणं आज माझ्या अंगावर आलं. माझं तुमच्या अंगावर कधी आलं नव्हतं."

एवढं बोलून ती खाली गेली. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुपारी ती घरी आली. नवरा दुकानात होता, हल्ली तिच्याकडेच राहणारे अप्पा आतल्या खोलीत झोपले होते. ती हातपाय धुऊन देवासमोर बसली. आईने शिकवलेलं म्हणायला लागली. ओठ हलत होते, शब्द बिनचूक येत होते. आणि मन कुठे होतं? सरांना काय सांगावं, किती सांगावं, चाकवालीला दुसरीकडे कुठे चिकटवता येईल का, नवी आज कुठला कोट घालून आली होती. अर्धं म्हणून झालं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तोंड आपलं आपण चाललंय आणि आपण इथे नाहीच. काल खुर्चीत हेच झालं होतं. वर्षानुवर्षं इथेही हेच होत असेल, कोण जाणे. देव ऐकून घेत असेल बिचारा. पण त्या चालकाच्या बायकोने ऐकलं ते खरं मानून ऐकलं होतं.

तिने म्हणणं मधेच थांबवलं. जन्मात असं अर्धवट सोडलं नव्हतं. हात जोडले आणि स्वतःच्या शब्दांत एवढंच म्हणाली, "जीभ दिलीस, आता बोलायला लाव." आणि तशीच उठून कामावर गेली.

संपादक डबा खात होते. ती दारातूनच म्हणाली, "सर, काचेवर ओळ बदललेली होती. मला दिसली नाही. मला सहा महिने काच दिसत नाही. मी पाठ करून म्हणते."

त्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे ते घरात येऊन सांगितल्यासारखं..."

"पाठांतर."

"आणि मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देत होतो!"

"हो."

मग शिट्ट्या झाल्या. सगळ्या मजल्याला ऐकू गेल्या. तुम्ही मला तोंडघशी पाडलंत, वाहिनीला पाडलंत, एवढा विश्वास, अमुक, तमुक. ती उभी राहून ऐकत होती. वाफ गेल्यावर ते खुर्चीत मागे टेकले आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही असं करता येईल. तुम्ही रजा घ्या, ऑपरेशन करा, परत या. चाकवालीचं मी दुसरीकडे कुठेतरी बघतो. लोकांना काय सांगायचं, की आमच्या मुख्य निवेदिकेला दिसत नाही?"

खुर्ची परत समोर आली होती, पुसून, स्वच्छ करून. खोटं कशाला सांगू, मोह झाला तिला.

"दुसरीकडे नाही, सर. ती चाकावरच राहील. आणि तिची चूक नव्हती हे तुम्ही सकाळी जितक्या लोकांसमोर बोललात, तितक्यांसमोर सांगा. नाहीतर संध्याकाळी मी बातम्यांत सांगेन. ते मला पाठ करावं लागणार नाही."

संपादकांनी डबा बंद केला. बराच वेळ त्यांना झाकण लागत नव्हतं. "आज संध्याकाळी नवी बसेल," ते म्हणाले.

"बसू दे."

संपादकांनी सकाळच्याच लोकांसमोर चाकवालीची चूक नव्हती एवढं सांगितलं, आणि संध्याकाळी नवी बसली. बरी वाचली. थोडी घाई केली, पण बरी.

डोळ्यांची कामं एकामागोमाग एक झाली. पहिली पट्टी काढली तेव्हा नवरा समोर होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुमचे केस कधी पांढरे झाले हो?"

"तू बातम्या पाठ करत होतीस तेव्हा," तो म्हणाला.

त्या दोन महिन्यांत ती एकदा नवऱ्याबरोबर चालकाच्या घरी जाऊन आली. चालकाच्या बायकोने दार उघडलं, ओळखलं, आणि आत बोलावलं नाही. हात अजून गळ्यात होता. "तुम्ही दिसायला टीव्हीवर उंच वाटता," एवढंच ती म्हणाली. हिने माफी मागितली. ती बाई म्हणाली, "बरं." दार हळूच लागलं. त्या 'बरं'मध्ये माफी होती की नव्हती, हे तिला आजही सांगता येत नाही, आणि ती विचारायला पुन्हा गेली नाही.

ती कामावर परतली तेव्हा संध्याकाळची खुर्ची नवीची झाली होती. नव्या निवेदिकेने तिला चहा पाजला. चहा चांगला होता. हिला मिळाल्या दुपारच्या बातम्या, ज्या न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकांवर आणि निवृत्त माणसांच्या घरांत बघतात. पगार थोडा उतरला, बाहेर ओळखणारे थोडे कमी झाले. भाजीवाली म्हणाली, "बाई, तुम्हाला काढलं का हो?" ती म्हणाली, "सरकवलं."

पहिल्या दुपारी मेकअप करताना तिने आरशात पाहिलं आणि ओरडलीच. "मावशी, या सुरकुत्या कुठून आल्या?" मेकअपवाल्या मावशी म्हणाल्या, "जुन्याच आहेत. तुम्हाला दिसत नव्हत्या, मला दिसत होत्या. म्हणून तर मला पगार आहे."

स्टुडिओत ती खुर्चीत बसली, देवाचं नाव घेतलं. काचेवर अक्षरं उभी होती, काळीभोर, कोरल्यासारखी. कोपऱ्यात अंधारात चाकवाली होती. सकाळी दोघी जिन्यात समोरासमोर आल्या होत्या, तेव्हा चाकवालीने फक्त विचारलं होतं, "अक्षरं केवढी ठेवू?" ही म्हणाली होती, "सगळ्यांना ठेवतेस तेवढी." त्यांच्यात बोलणं झालं ते एवढंच. मैत्री वगैरे काही झाली नाही. पण लाल दिवा लागला आणि पहिली ओळ वर सरकली तेव्हा चाकाने तिच्या श्वासाची वाट पाहिली, आणि तिने चाकाची.

संध्याकाळी घरी गेली तर अप्पा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. दुपारची झोप मोडून त्यांनी बातम्या बघितल्या होत्या, आवाज मोठा करून.

"घुमे, दोनदा अडखळलीस आज."

"हो अप्पा. वाचत होते."

अप्पांनी मान डोलावली. "मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि खुर्ची आत घ्यायला उठले.